थोपवलेला धूर

वैशाखातल्या धुराला एक गोडसर, करपट वास असतो. वाळलेली पानं, फांद्या आणि शेण शेताच्या एका तुकड्यावर पसरून जाळायचं, की झाला राब. त्या राखेत पेरलेल्या भाताची रोपं हिरवीगार उठतात. मुंबईहून रेवसच्या धक्क्यावर उतरणारे पाहुणे तो वास येताच डोळे मिटून "अहाहा, कोकण!" म्हणतात. म्हणोत बिचारे! मी मात्र खिडकी लावून घेतो.

किहीमच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. स्वातंत्र्य नुकतंच आलेलं. गावातल्या धर्मा नावाच्या शेतकऱ्याची मुलगी मंजी सात वर्षांची, आणि दमेकरी. आता गावात एकाला दमा म्हणजे साऱ्या गावाला वैद्यकीची पदवी! कोणी अडुळशाचा रस आणी, कोणी मोरपिसाची राख मधात कालवून चाटवी. आमचे गोमाकाका तर स्वतःची शिंक आवरू न शकणारे, पण श्वास कसा घ्यावा हे तिला मिशा फुगवून शिकवत. "काका, तुमच्या नाकात शिट्टी हाय," असं म्हणून मंजी धापा टाकता टाकता हसे. एवढ्याशा छातीत हसण्यापुरती निराळी हवा ती कुठे साठवत असेल?

राबांच्या दिवसांत तिचे ओठ निळे पडत. शेतं समुद्राकडे, धर्माचं घर डोंगराकडे, आणि वारा त्या दिवसांत बहुतेक समुद्रावरचा. म्हणून त्या वर्षी देवळात बैठक बसली आणि गोमाकाकांनी मांडीवर थाप मारली, "डोंगरावरचा वारा सुटेस्तोवर कोनी राब पेटवायचा न्हाय. पोर आपली हाय." सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. एरवी वीतभर बांधासाठी डोकी फोडणारी माणसं ती! इतकं प्रेमळ गाव मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

आणि तिथेच घात झाला. वारा फिरलाच नाही. रोज कोणीतरी ओलं बोट वर धरून पाही आणि घरी जाई. मग एका दुपारी अवेळीच समुद्रावर ढग दाटले. भिजलेला राब पेटत नाही, आणि राब नाही तर भात नाही. पेटत्या चुडी हातात घेऊन आम्ही सारे शेतांवर नुसते उभे. खाली कोणी वाकेना. तेव्हा धर्माच आला, मंजीला खांद्यावर घेऊन. "पेटवा रं. तुमची पोरं काय खातील? मी हिला वर डोंगरात नेतो."

दरवर्षी आज याचा, चार दिवसांनी त्याचा, असा विरत जाणारा धूर त्या दुपारी साऱ्या शेतांतून एकदम उठला. धर्मा डोंगर चढत होता आणि साऱ्या गावाची साठलेली माया धूर होऊन त्याच्यामागून चढत होती. अर्ध्या वाटेवर मंजी गेली.

आमच्या बेपर्वाईत जी पोर वर्षानुवर्षं तगली, ती आमच्या एकीत गुदमरली! कोणाला दोष द्यायचा? चांगुलपणाला?

धर्माचा राब तेवढा पेटला नव्हता. तो पावसात कुजला. लावणीच्या दिवसांत घरोघरची माणसं रोपांच्या जुड्या त्याच्या बांधावर ठेवून गेली. मंजीची आई त्या हिरव्या जुड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. त्या कोणत्या राखेतून उगवल्या होत्या, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण घरात आणखी दोन लेकरं होती. तिने पदर खोचला, चिखलात उतरली आणि लावणीसाठी पहिली जुडी सोडली.