गहिनीनाथाची हाळी

गहिनीनाथ पाथर्डीकडचा. बाप ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. एकाहत्तरच्या दसऱ्याआधी तो साप चावून मेला आणि बाविशीचं हे पोर मुकादम झालं. मुकादम कसला, बुजगावणं! श्रीगोंद्याच्या फडात त्यानं पहाटे हाळी दिली की उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीतून चुलता पुंजाराम ओरडायचा, "बाळ, आदी मिशी फुटू दे!" टोळी खदाखदा हसायची आणि कूस बदलून झोपायची. गाड्या अर्ध्याच भरून जायच्या. कारखान्याच्या माणसानं बजावलं, या आठवड्यात गाड्या भरल्या नाहीत तर मुकादमकी पुंजारामला देतो.

त्याच आठवड्यात पुंजारामची बायको लंकाबाई तापानं फणफणली. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधायच्या, दोघांचा मिळून एक कोयता. एक आजारी पडलं की बाकीच्यांनी जाता जाता त्याच्या मोळ्या बांधून द्यायच्या, ही रीत जुनी. टोळीतली राहीबाई पहिली वाकली. गहिनीनाथ तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. मेल्याची जीभ सुटली.

"कुनी हात लावायचा न्हाई! कोयता दोघांचा. एक मोडला की कोयता मोडला. तात्या, बिऱ्हाड उचला."

पुंजाराम हसला. मग त्याला कळलं, आपण एकटेच हसतोय. लंकाबाईला गोधडीत गुंडाळून तो निघाला. बांधावर वळून एवढंच म्हणाला, "फुटली बाबा मिशी."

दुसऱ्या दिवशी हाळी द्यायच्या आत टोळी फडात हजर. काय चव असते हो हुकमाची! एकदा लागली की सुटत नाही. त्याची चाल बदलली, मान ताठ झाली, गाड्या शिगोशीग भरून जायला लागल्या.

आई गोजरबाई धाकट्या कानिफनाथाच्या मोळ्या बांधायची. एकदा ती म्हणाली, "गहिन्या, लंका वाटंतच गेली रं."

"फडात मला मुकादम म्हनायचं," तो म्हणाला. ती म्हणायला लागली.

संक्रांतीनंतर एका सकाळी तो फडात फिरत आला, तर कानिफनाथाच्या मागं ऊस तसाच विस्कटून पडलेला. पोरगं रडत रडत तोडत होतं. पाचटात गोजरबाई आडवी पडली होती. कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि टोळी तिच्या दोन्ही बाजूंनी तोडत पुढं निघून गेली होती.

"आरं, कुनी हात का न्हाई लावला तिला?"

"लावायचा न्हाई म्हनला हुता न्हवं तुमी," राहीबाई मान वर न करता म्हणाली.

"थांबा!" तो किंचाळला. सगळे कोयते जागच्या जागी थांबले. इतकं तर त्याच्या बापाचंही कधी कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानं बोळा काढला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. "आई, मी गहिन्या. आई गं!"

गोजरबाईनं डोळे किलकिले केले. त्याला पाहिलं आणि धसकून उठायला लागली.

"बांधते, मुकादम," ती म्हणाली, "बांधते."