आक्कांच्या मेसमधलं इंग्रजी

कारेगावात आक्कांच्या मेसमध्ये चपात्या हव्या तेवढ्या मिळायच्या, पण ठेचा हवा असेल तर इंग्रजी शब्द सांगावा लागे. कंपनीत त्या दिवशी ऐकलेला नवा शब्द सांगायचा, मगच पाट्यावर वाटलेला ठेचा ताटात पडायचा. शेजारच्या रांजणगावातल्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो त्या पहिल्याच संध्याकाळी मी ऐटीत म्हणालो, "आक्का, प्रोडक्टिव्हिटी!" त्यांनी ठेच्याची वाटी मागं ओढली. "उघडाबोडका शब्द आणू नगंस. कुनी म्हटला, कुनाला म्हटला, आन् म्हटल्यावर ऐकणाऱ्याचं तोंड कसं झालं, ते सांग." त्या दिवशी वरणावर भागवलं.

आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. माहेर मेंढपाळांचं. "मेंढरू का वरडलं ते नुसत्या आवाजावरनं कळत न्हाई," त्या म्हणायच्या. "वरडताना कुठं बघतंय ते बघावं लागतं. तुमचे सायेब काय येगळे हायेत व्हय?" बिहारचा मुन्ना एकदा मोबाइलवरच्या शब्दकोशातून अर्थ वाचून दाखवायला लागला. आक्कांनी त्याला हातानंच थांबवलं. "त्यो मोबाइल कवा शिफ्टला गेलाय का?" मुन्नाला मराठी अर्धीच कळायची, पण हे पूर्ण कळलं. मोबाइल खिशात गेला.

मग आम्ही दहा-बारा जण दिवसभर कान टवकारून काम करायचो आणि संध्याकाळी ताटावर साक्षीपुरावे मांडायचो. आक्का चपाती लाटता लाटता ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या. 'अर्जंट' म्हणजे साहेबाला काल आठवायला हवं होतं ते आज आठवलं. 'ॲडजस्ट' म्हणजे म्हणणारा सोडून बाकीच्यांनी सोसायचं. 'ॲक्च्युअली'चे तर आम्ही तिघांनी तीन किस्से आणले: उशिरा आलेल्या सुपरवायझरचा, हरवलेल्या गेटपासचा आणि बुडवलेल्या नाइट शिफ्टचा. आक्का लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "ह्यो शब्द आला की मागनं खोटं येतंय. सावध ऱ्हावा." शब्दकोशवाले काहीही म्हणोत, आमच्या लाइनवर हा अर्थ एकदाही चुकला नाही.

सहा महिन्यांनी माझी कन्फर्मेशनची मुलाखत लागली. निभावली तर नोकरी कायम, नाहीतर दौंडकडच्या गावी परत. तिकडं वडील 'पोरगं कंपनीत हाय' असं अख्ख्या गावाला सांगून बसलेले. मी शिरूरच्या एसटी स्टँडवरून तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं पुस्तक आणलं आणि 'सिन्सिअर', 'पंक्च्युअल' असे पन्नास शब्द घोकले. आक्कांनी एवढंच विचारलं, "ह्यातला एक तरी तुला कुनी म्हटलाय का?" मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

मुलाखतीत त्या पन्नासांपैकी एकही शब्द उपयोगी पडला नाही. माझ्या हातून पास झालेल्या खराब मालाची पेटी साहेबांनी टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, ही कशी सुटली? माझं तोंड आपोआप उघडलं. "ॲक्च्युअली सर..." आणि जीभ अडली. पेटीचं विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून सगळं मशीनवर ढकलायचं मी खोलीवरूनच ठरवून आलो होतो. आता मात्र डोळ्यांसमोर आक्कांचं लाटणं दिसायला लागलं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, की मी गप्पा मारत होतो, पेटी तपासलीच नाही, चूक माझी. साहेबांनी पेटी बाजूला सरकवली. मग त्यांनी कन्फर्मेशनच्या कागदावर सही केली.

मी धावतच मेसवर आलो आणि दारातूनच ओरडलो, "आक्का, कन्फर्म!"

"कुनी म्हटलं?"

"सायबांनी. मला. हात पण मिळवला."

"आन् फुडं काय म्हटले?"

मी चपला काढत म्हणालो, "सोमवारपासून गुजरातच्या नव्या प्लँटवर जायचं. तिकडंच राहायचं."

तव्यावरची चपाती करपली, तरी आक्कांनी उलटली नाही. "मंग कन्फर्म म्हंजी," त्या सावकाश म्हणाल्या, "पोरगं पक्कं झालं, आन् आपलं न्हाई ऱ्हायलं." मग माझ्याकडं न बघताच त्यांनी ताट वाढलं, ठेच्यासकट.

त्या बाईचा मला किती लळा लागलाय, ते मला तेव्हा कळलं. नोकरी पक्की झाल्याच्या दिवशी मी मान खाली घालून रडत जेवलो. शेजारच्या मुन्नानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

"तीखा लगा क्या?"

मी मान डोलावली.