पाणसुरुंगाचा लिव्हर

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. नवी गाडी अमावस्येला घरी आणली म्हणून बायको दोन दिवस बोलत नव्हती, आणि मी मजेत होतो. मूळचा नागपूरचा, पेशाने पाइपिंग इंजिनिअर... एखादी गोष्ट हलत नसेल तर ती गंजलेली असते नाहीतर अडकलेली, तिसरं कारण नसतं, अशी माझी पक्की समजूत. पण २००४ च्या जुलैमध्ये माझ्या हातून एका माणसाचा जीव जाणार होता. तो का गेला नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

आम्ही तेव्हा टेक्सासमध्ये, शुगर लँडला राहत होतो. तिथले भिडे काका म्हणजे सत्तरीतले रिटायर्ड इंजिनिअर, पक्के पुणेकर. त्यांनी चार हौशी लोकांबरोबर एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन पाणबुडीचा पुढचा भाग खऱ्या मापात बांधायचा आणि लोकांना दाखवायचा, असा बेत होता. वीकेंडला मीही हात काळे करायला जायचो.

ही पाणबुडी पाणसुरुंग पेरणारी. पुढच्या भागात सहा तिरप्या नळ्या, वरून थेट तळापर्यंत, दोन्ही तोंडं समुद्राला उघडी. प्रत्येक नळीत तीन सुरुंग, पाण्यातच उभे. ते किती खोलीवर राहायला हवेत हे बंदरातच ठरवून टाकायचं, कारण एकदा निघालं की खलाशांना त्यांना हातही लावता येत नसे. शत्रूच्या बंदराबाहेर जायचं, लिव्हर ओढायचे, सुरुंग तळातून सोडायचे. कधीकधी सुटलेला सुरुंग वेळेआधीच वर यायचा आणि स्वतःच्याच पाणबुडीला उडवायचा.

"अठरा सुरुंग उशाशी घेऊन झोपायची रे ही पोरं," काका म्हणायचे.

आमचा सांगाडा स्टँडवर चांगला छातीएवढा उंच ठेवला होता. तिसऱ्या नळीत एकच नकली सुरुंग होता... काँक्रीट भरलेलं लोखंडी धूड. आतला लिव्हर ओढला की ते धाडकन खाली. एरवी लिव्हरमध्ये सेफ्टी पिन असायची. त्या शनिवारी सकाळी ग्रीस लावायला मी पिन काढली आणि – गाढवपणा माझाच – परत लावली नाही. काकांना सांगितलंही नाही.

जेवणं झाली. अमेरिकेत इतकी वर्षं काढूनही काकांची वामकुक्षी काही सुटली नव्हती. रोजच्यासारखे ते गाडीत एसी लावून झोपायला गेले, मी पेंटचा डबा घेऊन सांगाड्यात शिरलो. पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. गाडीचा एसी बंद पडला होता. काका परत आत आले, शेडमधली सगळ्यात थंड फरशी शोधली, तिसऱ्या नळीच्या बरोबर खाली चटई टाकली, कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि झोपले. पिन जागेवर आहे, असं ते धरून चालले होते.

इकडे आत, ते झोपल्यानंतरच असणार, माझ्यामागे सांगाड्यात शिरायची झडप आपटली आणि बाहेरची कडी पडली. दिव्याची वायर झडपेत चेचली गेली. नळ्यांची वरची तोंडं पत्र्याने झाकलेली, त्यामुळे मिट्ट काळोख.

आधी मी हसलो. मग ओरडलो. "काका! ओ काका!" झडपेला खांदा लावला, लाथा घातल्या. मोबाइल बाहेर टेबलावर. बाहेर शंभर फॅरनहाइटच्या वर, आत नुसती भट्टी आणि पेंटचा वास. नीट उभंही राहता येत नव्हतं. गुडघे एका नळीला, पाठ दुसरीला. थोड्या वेळाने श्वास घेतला तरी पुरेना. आपण इथे मरणार, असं मला खरंच वाटलं. मी रडलो, लपवत नाही.

आणि मग सुचलं. तिसऱ्या नळीला मुलांना डोकावायला मोठी खिडकी कापली होती. सुरुंग खाली पाडला तर रिकाम्या नळीतून मीही खाली घसरू शकलो असतो. चाचपडत लिव्हर शोधला आणि ओढला.

हलला नाही.

सकाळीच ग्रीस लावलेला लिव्हर! पाय टेकवून, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढला. तो जाम नव्हता... माझ्याकडे बोटभर यायचा आणि परत जायचा. पलीकडून कोणीतरी तितक्याच जोराने धरून ठेवल्यासारखा. मी एक हात मुठीवरून पुढे सरकवला. तिथे बोटं होती. चार. बर्फासारखी गार, ओली. त्या भट्टीत!

मी हात मागे घेतला. त्यानंतर मी लिव्हरला शिवलो नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो. सांगायला विचित्र वाटतं, पण समोर जो कोणी होता तोही दमल्यासारखा श्वास घेत होता.

तीनच्या सुमारास कडी निघाली. "अरे, तू आत? मला वाटलं घरी गेलास."

"काका, तुम्ही होतात कुठे?"

"इथंच की, खाली. मस्त झोप लागली होती."

खाली वाकून मी चटई पाहिली – तिसऱ्या नळीच्या बरोबर खाली. काकांना भिंतीशी उभं केलं, परत आत गेलो आणि लिव्हरला एक बोट लावलं. लिव्हर लोण्यासारखा सरकला. ते धूड चटईवर उशीच्या जागी पडलं, फरशीला तडा गेला. काकांनी वाकून तो तडा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "काकूला सांगू नकोस."

पुढे एकदा काकांनी उष्णतेने लोखंड फुगतं वगैरे समजावलं. मी मान डोलावली. पत्रा फुगतो, मान्य. बोटं कशी फुगून येतील?

ते जाऊ दे. मला छळतं ते वेगळंच. तो त्या मूळ पाणबुडीवरचाच कोणी असेल, तर त्याने कधीही न पाहिलेल्या माणसांच्या वाटेत सुरुंग सोडले असणार. तेच त्याचं काम होतं. मग एका परक्या, झोपलेल्या म्हाताऱ्यासाठी त्याने माझ्याशी इतका वेळ झोंबी का घेतली? मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा.