राहिलेले अडुसष्ट मीटर

आउने कार्प्पिनेन बावन्न वर्षांची आहे आणि उत्तरेकडच्या काइनू प्रांतातल्या एका खेड्यात शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दर गुरुवारी ती एकशे चाळीस मुलांसाठी वाटाण्याचं सूप करते. सुट्टीच्या दिवशी ती अशा ठिकाणी जाते, जिथे जायचं काहीच कारण नसतं. इंटरनेटवर एक खेळ आहे: रोज सकाळी एक हिशेब होतो आणि जिल्ह्याएवढ्या प्रत्येक तुकड्यात एक ठिकाण निघतं, नुसते अक्षांश-रेखांश. कधी ते तळ्याच्या मधोमध पडतं, कधी कुणाच्या गोठ्यात, बहुतेक वेळा जंगलात. तिथवर जायचं, फोटो काढायचा, परत यायचं. आउनेच्या वहीत अशी दोनशे अकरा ठिकाणं आहेत. त्यांतल्या चौसष्टांपुढे तिने ‘नाही पोचले’ असं लिहिलंय. एकदा फक्त अकरा मीटर राहिले होते, मध्ये ओढा होता. तरी ‘नाही पोचले’.

जानेवारीतल्या त्या बुधवारी मात्र ती मामाला घेऊन कायानीला निघाली होती. मामा, म्हणजे ओइवा टोलोनेन, एक्क्याऐंशी वर्षांचा, सारी हयात लाकूडतोडीत गेलेली, आता खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन काठ्यांवर आलेला. शहरातल्या वृद्धांच्या घरात त्याच्यासाठी एक खोली रिकामी झाली होती आणि दोन वाजता कागदांवर सही करायची होती. गेले तीन हिवाळे आउने आठवड्यातून दोनदा नव्वद किलोमीटर जाऊन त्याचं किराणा सामान पोचवत होती, लाकडं आत आणून ठेवत होती. मामाला घर सोडायचं नव्हतं. तसं तो म्हणाला नव्हता.

पेट्रोल पंपावर कॉफी घेताना तिने सवयीने फोन पाहिला आणि तो पुन्हा खिशात टाकला.

“कुठे पडलंय आज?” मामाने विचारलं.

“पुढच्या फाट्याने आत वीस किलोमीटर. मग रस्त्यापासून जंगलात सहाशे चाळीस मीटर.”

“मग जाऊ की.”

“तुला घेऊन?”

“नाहीतर काय, कुत्र्यासारखं गाडीत ठेवणार?” त्याने कप खाली ठेवला. “असं करू. मी तिथवर चालत गेलो, तर गाडी घराकडे फिरवायची, सही नाही. नाही जमलं, तर सही.”

“मामा, ही काय पैज लावायची गोष्ट आहे?”

“डॉक्टर मला खोलीत चालवून बघतो ना? तसंच हे. खोली जरा मोठी.”

आउनेने वेळ पाहिली. अकरा वाजले होते, बाहेर उणे सतरा होतं. ती फाट्याने वळली.

बर्फ मांडीपर्यंत होता. पण रस्त्यालगतच एक स्कीची वाट सुरू होत होती, ताजी, दोन सरळ खाचांची, दाबून घट्ट केलेली. फोनवर पाहिलं तर ती त्या ठिकाणापासून वीस पावलांवरून जात होती. तिच्यावरून कुणीही दहा मिनिटांत पोचला असता.

मामा वाटेपासून हातभर बाजूला, मऊ बर्फात उतरला.

स्कीच्या वाटेवर बुटांनी चालायचं नसतं, खाचा मोडतात, हे तिथे पोरांना चालायला लागायच्या आधी कळतं. आणि मामाने तर गावातली वाट बावीस वर्षं स्वतः केली होती. शाळेचे मास्तर एकदा कुत्रा घेऊन तिच्यावरून चालले, तेव्हा मामा त्यांच्याशी तीन हिवाळे बोलला नव्हता.

पहिले दोनशे मीटर तो बरा गेला. मग दर दहा पावलांनी थांबायला लागला. आउने पुढे होऊन बर्फ तुडवत होती, तो तिच्या पावलात पाऊल टाकत होता. चारशे मीटरवर मागून एक बाई स्कीवरून आली. काठीचा आधार घेऊन थांबली.

“अहो आजोबा, या की वाटेवर. आम्ही संध्याकाळी नवीन करणारच आहोत.”

“असं सगळेच म्हणतात,” मामा म्हणाला.

“ती करणारी मीच आहे.”

“मग तर तुम्ही असं बोलायलाच नको.”

बाई हसली, बाजूने चालल्याबद्दल आभार मानले आणि निघून गेली. तुम्ही इथे काय करताय, असं तिने विचारलं नाही. तिथे कुणी विचारत नाही.

पुढे एका पडलेल्या खोडावर मामा बसला तो उठेना. आउनेने त्याला थर्मासमधला ब्लूबेरीचा गरम रस पाजला.

“मामा, आता तरी वाटेवरून चल. बघायला कोणी नाहीये.”

“मी आहे ना.”

थोड्या वेळाने त्याने विचारलं, “किती राहिलं?”

आउनेने फोन पाहिला. मामाचा चष्मा गाडीत होता. ‘हेच ते’ म्हटलं असतं तर त्याला कधी कळलं नसतं, तो घरी राहिला असता आणि तिचे नव्वद किलोमीटर चालू राहिले असते. खरं सांगणं तिच्याच सोयीचं होतं, आणि म्हणूनच ते तोंडातून निघेना.

“वाच गं.”

“अडुसष्ट मीटर.”

मामाने मान हलवली. “तू जाऊन ये. दोघांचंही राहून जायचं कारण नाही.”

ती गेली. तिथे एक सूचिपर्णी झाड होतं, बर्फाने वाकलेलं, आजूबाजूच्या झाडांसारखंच. तिने फोटो काढला. खोडांच्या फटीतून तिला मामाची लाल टोपी दिसत होती. ती परत आली आणि त्याला उठवलं. परतीच्या वाटेवर बर्फ तुडवलेला होता, तरी गाडीपर्यंत तास लागला. तो तेव्हाही बाजूनेच चालला.

कायानीत पोचायला पाऊण तास उशीर झाला. ऑफिसातल्या तरुण मुलीने मामाची भिजलेली विजार पाहिली आणि टॉवेल आणून दिला. सही करताना बोटं अजून कडक होती, त्यामुळे नाव मोठ्या, तुटक अक्षरांत आलं. मुलगी म्हणाली, खोली पंधरा फेब्रुवारीपासून. मामा म्हणाला, बरं.

गाडीत बसल्यावर आउनेने इंजिन सुरू केलं, पण गाडी काढली नाही.

“तू खोटं बोलली असतीस तरी मला कळलं असतं,” मामा म्हणाला.

“कसं?”

“तुला जमत नाही ते. आईवर गेलीस.” त्याने पट्टा लावला. “तुझी ती ठिकाणं शहरात पडतात का कधी?”

“पडतात. मागे एकदा दुकानाच्या पार्किंगमध्ये पडलं होतं.”

“तसं पडलं की मला फोन कर,” मामा म्हणाला. “पार्किंग मला जमेल.”