फटी बुजवलेली खोली

आमची वावरातली पत्र्याची खोली गव्हा-हरभऱ्याच्या ओलितापुरतीच उघडते. यंदा पोरानं पत्र्याखाली थर्माकोल ठोकला, फटीत फोम भरला. "बाबा, आता उन्हाळ्यात तापत नाही, हिवाळ्यात गारठत नाही," म्हणे. मी आत गेलो, तर कोंडलेली ऊब अंगाले लागली अन् मले माझा धाकटा भाऊ किसना डोळ्यापुढं दिसला.

त्यानंही एका हिवाळ्यात पोत्याच्या चिंध्या शेणात कालवून साऱ्या फटी बुजवल्या होत्या. घमेल्यात कपाशीच्या पऱ्हाटीचे निखारे ठेवले अन् म्हणाला, "दादा, तू घरी कुडकुडत राह्य, मी इथं राजावानी झोपतो."

सकाळी माय अन् मी भाकर घेऊन गेलो. हाका मारल्या, हलवलं, श्वास नव्हता. निखाऱ्यानं बंद खोलीतली हवा विखारी होते, हे आम्हाले कुठं ठाऊक होतं? निखारे विझले होते, पण खोली अजून उबदार होती. मी दार सताड उघडलं, तशी माय ओरडली, "लाव ते दार! अंग गरम हाय त्याचं. गार वारा लागू देऊ नको माह्या लेकराले."

मी जन्मात कोणाचं ऐकलं नाही. त्या सकाळी मात्र मुकाट्यानं दार लावलं.