हिवराची साल

ओल्या सालीला एक तुरट, किंचित धुरकट गंध असतो. बोटांत मुरला की साबणालाही दाद देत नाही. केजच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवता शिकवता मी पीएच.डी.साठी हिवराच्या काटेरी झाडाच्या सालीतलं जंतुनाशक द्रव्य शोधत होते, तेव्हा माझ्या पोळ्यांनाही तो वास येतो अशी घरच्यांची तक्रार असे. दोन वर्षं, पावसाळ्यात काढलेल्या सालीचा अर्क मी जंतूंवर घालत राहिले आणि दुसऱ्या सकाळी ते अधिकच उल्हासाने वाढलेले दिसत राहिले. अखेर मार्गदर्शकांनी विषय बदलायचं सुचवलं.

त्याच वर्षी भाद्रपदात, चौसाळ्याच्या हिरव्यागार माळावर तिरपं, सोनसळी ऊन पसरलेलं असताना मी साल काढत होते. शेळ्या चारणाऱ्या द्वारकामावशी काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"कावून सोलता बाई?"

औषध शोधतेय, म्हटलं.

"शेळीच्या जखमंला आमी हीच लावतो की. पन आता न्हाई. झाड फुलोऱ्यात गुतलंय, सालीत नुसतं पानी हाय. माघात या."

असं कुठल्याच शोधनिबंधात मी वाचलं नव्हतं. तरीही, का कोण जाणे, मार्गदर्शकांकडून फाल्गुनापर्यंतची मुदत मागून घेतली.

माघात माळ पिवळा पडला होता आणि हिवराच्या विरळ फांद्यांतून आकाश निळंशार दिसत होतं. मावशींनी स्वतः फांदी निवडून दिली. "एकाच अंगानं काढा. चौफेर सोललं की झाड मरतंय," असं बजावून चार बोटं रुंदीची पट्टी काढू दिली.

दोन आठवड्यांनी एका सकाळी प्रयोगशाळेतली काचेची बशी उजेडात धरली, तर जंतूंच्या पांढुरक्या सायीत, अर्काच्या थेंबाभोवती, एक स्वच्छ पारदर्शक वर्तुळ उमललं होतं. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. मी एकटीच हसत सुटले.

त्याच दुपारी माळावर जाऊन मावशींना मोबाइलवर फोटो दाखवला.

"या औषधाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"अजून कळलं नाही, मावशी. दोनेक वर्षं लागतील."

"लागू द्या. गुन येतोय ना?" म्हणत त्या पांगलेल्या शेळ्यांमागे निघाल्या.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर 'संशोधक' या शब्दापुढे एकाच नावापुरती ओळ मोकळी असते. बाकीची पानं आता भराभर लिहून होताहेत. त्या ओळीशी मात्र माझा हात अजून थांबतो.