दुसऱ्यांचे पोहे

मी आणि ताई पळसदरीजवळच्या एका घरी मुलगी बघायला गेलो, पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, आणि हे सगळं उरकल्यावर आम्हाला कळलं की आपण मुलगी बघत होतो. तोवर आमची समजूत, आपण खोली बघतोय. यात आमचा दोष थोडा आणि मराठी भाषेचा जास्त, असं माझं मत आहे. ताईच्या मते सगळा दोष माझ्या जिभेचा. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे, त्यामुळे दोष कोणाचा हे तिला चौकशीआधीच ठाऊक असतं.

आम्ही दोघी निघालो होतो गाडीने हिंडायला. बदलापूरकडून कर्जत, तिथून खोपोली, खालापूर, चौक, असं रमतगमत. रिसॉर्टात जायचं नाही, कारण तिथे सकाळपासून लोक पाण्यात नाचत असतात. ‘निवास व न्याहारी’ अशी पाटी असलेल्या साध्या घरांतच राहायचं, हा ताईचा नियम. गाडी ताई चालवते. मी शेजारी बसून रस्ता सांगते आणि चुकला की मोबाइलवर ढकलते.

पहिला मुक्काम नेरळच्या अलीकडे झाला. घर मोठं, पण खोलीला ओल्या गोणपाटाचा वास, आणि यजमानांनी न्याहारीला बसून आपल्या पित्ताशयाचं ऑपरेशन पहिल्या टाक्यापासून सांगितलं. दुसरा दहिवलीत. तिथे फोटोत नदी दिसणारी गॅलरी होती. प्रत्यक्षात गॅलरीसमोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी होती आणि टाकीपाशी उभा राहून शेजारी आमच्याकडे बघत दात घासत होता. न्याहारीला ब्रेड आणि जॅम. “शहरातल्या लोकांना हेच आवडतं,” असं घरमालकीण म्हणाल्यावर ताईने ताटली दोन बोटांनी पुढे सारली आणि गाडीची किल्ली उचलली. “जॅम खायला मी घराबाहेर पडले नाही,” एवढंच ती रस्त्यात म्हणाली.

म्हणून पळसदरीला संध्याकाळी पोचायचं ते आम्ही दुपारच्या आतच उपाशीपोटी पोचलो. आणि घर बघून ताईचा राग विरघळला. अंगण सारवलेलं, दारात रांगोळी, ओटीवरच्या खुर्च्यांवर कोऱ्या चादरी. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ रस्त्यापर्यंत धावत आले.

“या, या. दोगी बहिनी पुढल्या गाडीत हाईत, असा फोन आलावता. मी कवापासनं वाट बघतोय.”

“बघ,” ताई माझ्या कानात म्हणाली, “याला म्हणतात आदरातिथ्य.”

खरी गोष्ट आम्हाला पुढे कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे बोलणं नीट लागेल. त्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला मोहोपाड्याहून पाहुणे येणार होते. मुलगा रसायनीच्या एका कारखान्यात. त्याची आई आणि मावशी पुढच्या गाडीत, बाकीचे मागून, असा मध्यस्थांचा फोन. आता त्या घरात मुलीला बघायला येणारेही पाहुणे आणि पैसे देऊन राहायला येणारेही पाहुणेच. गिऱ्हाईक म्हणायला तिच्या आईची जीभ वळत नसे. त्यामुळे ‘पाहुणे येणार’ हे त्या घरात आठवड्यातून चारदा कोणीतरी म्हणायचंच.

मुलीने घरामागच्या दोन खोल्या दुरुस्त करून हा निवास काढला होता. फोन घेणं, चादरी धुणं, रांधणं सगळं तीच करी. लग्नानंतर शुक्रवारी माहेरी येऊन रविवारपर्यंत तो चालवायचा, असं तिच्या मनात होतं. मुलाच्या आईचा निरोप आला होता की आमच्या सुनेने परक्यांच्या चादरी धुवायच्या नाहीत, ते आधी बंद करा. वडिलांनी हो म्हणून टाकलं होतं. मुलीला कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ओटीवर त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं, आणि नेमक्या तेव्हाच आम्ही चप्पल काढून आत शिरलो.

हातपाय धुवायला मागे नेलं तेव्हा जाताजाता मी खिडकीतून आमच्या खोलीत डोकावले. स्वच्छ खोली, पलीकडे कापणी झालेली शेतं आणि त्यांच्या पाठी डोंगर. मन खूश झालं. ओटीवर येऊन बसलो.

“फोटो तर बघितलाच असंल तुमी,” वडील म्हणाले.

“फोटोवर आमचा विश्वास नाही,” ताई म्हणाली. “कालच फसलो. पण ही फोटोपेक्षा उजवी आहे.”

वडिलांचा चेहरा फुलला. “याआधी किती बघितल्या?”

“दोन,” मी म्हटलं. “पहिलीला वास येत होता. दुसरी दिसायला बरी होती, पण शेजाऱ्याची नजर सारखी तिच्यावर.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईने पदर तोंडाला लावला. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली.

“म्हणून आता घाई करायची नाही,” ताई म्हणाली. “एक रात्र इथे राहू. पंखा, पाणी, सगळं बघू. पटलं तर पुढचं. नाही तर सकाळी गाडी काढली की आम्ही मोकळ्या.”

वडिलांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने आढ्याकडे पाहिलं.

“ताई, आमच्यात तशी पद्धत नाय,” ते चाचरत म्हणाले.

“आमच्यात आहे,” ताईने शाळेतल्या आवाजात सांगितलं, आणि त्या आवाजापुढे आजवर कोणी पद्धतीचं नाव काढलेलं नाही. वर तिने विचारलं, “आणि कमोड आहे ना नक्की?”

नेमकी याच वेळी मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. ती जागीच थबकली. हा प्रश्न, याच आवाजात, ताईने तिला फोनवर तीनदा विचारला होता. तिने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे. खालचा ओठ दाताखाली धरला, आणि आमच्या हातात बशा दिल्या. जरीची साडी नेसून पोहे द्यायची या घराची रीत असेल, असं मला वाटलं. भुकेल्या माणसाला काहीही वाटतं.

पोहे मात्र असे होते की दोन मिनिटं आम्ही दोघी गप्प होतो. मऊ, मोकळे, वर ओलं खोबरं आणि मधेच सोललेले पावटे. घास कोणी मोजत नव्हतं म्हणून बरं.

वडिलांनी घसा खाकरला. “आनि ते खोल्यांचं मनात आनू नका. ते आमी बंदच करनार हाय.”

माझा हात थांबला. तीन दिवसांत पहिल्यांदा पोटात धड काही गेलं होतं आणि हा माणूस बंद करायच्या गोष्टी करत होता. मला खरोखरच राग आला.

“बंद? मग आम्ही आलो कशाला? त्याच्यासाठीच तर आलो. बंद करणार असाल तर आत्ताच उठतो.”

मुलगी ट्रे छातीशी धरून उभी होती.

“म्हंजे,” वडील सावकाश म्हणाले, “चालू ऱ्हायलं तरी चालंल तुमाला?”

“चालेल काय, चालूच राहिलं पाहिजे.”

“एवढं जीव लावून करते मुलगी,” ताई म्हणाली. “कोणाच्या सांगण्यावरून बंद करायला निघालात?”

आता हा प्रश्न त्या माणसाने कसा घ्यायचा? त्याच्या हिशेबी सांगणारी बाई तीच होती. तो ताईकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवून मुलीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

“आम्हाला पसंत आहे,” ताईने बशी खाली ठेवली. “राहतो.”

त्यानंतर जे झालं ते फार भराभर झालं. आईने वाटीभर साखर आणली, ताईच्या हातावर चिमूटभर ठेवली आणि पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “तोंड गोड करा, विहीनबाई.”

ताईची मूठ साखरेसकट मिटली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पूर्वी त्या नजरेने सातवीचा अख्खा वर्ग उभा राहायचा. आणि तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एक गाडी थांबली, मागोमाग दुसरी.

खरी आई, खरी मावशी, मुलगा आणि मध्यस्थ अंगणात आले. वडील एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होते. आत स्वयंपाकघरात मुलगी हसत होती, आणि आवाज येऊ नये म्हणून तिने नळ सोडला होता.

आम्हाला उठून खोलीवर जाता आलं असतं. सभ्य बायका गेल्याही असत्या. पण वाट पाहुण्यांच्या मधून होती, आणि शिवाय मला पुढचं बघायचं होतं. ओटीच्या टोकाला आम्ही अंग चोरून बसलो.

पोहे संपले होते. ते आम्ही खाल्ले होते, ताईने तर दुसऱ्यांदा घेऊन. आतून पुन्हा कांदा चिरल्याचा आवाज येऊ लागला. मुलगा बरा दिसत होता, चष्म्यातून स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता. त्याच्या आईने पाण्याचा घोट घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

“निरोप मिळालावता ना? ते खोल्यांचं बंद ना आता?”

वडिलांनी हो म्हणायला तोंड उघडलं. मी ते पाहिलं. ओठ हो म्हणायलाच वळले होते. मग त्यांची नजर आमच्या रिकाम्या बशांवर गेली.

“नाय,” ते म्हणाले. “ते चालू ऱ्हानार.”

आतला चिरण्याचा आवाज थांबला.

“असं कसं? आपलं बोलनं झालंवतं.”

“झालंवतं. पन ह्या ताई हाईत ना, त्या म्हनल्या, बंद करनार असाल तर आत्ताच उठतो.” आणि त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक इतकं निष्पाप हसू होतं की मला त्यांचा आदर वाटला. “त्यांनी पसंतबी केलं.”

मुलाच्या आईने आमच्याकडे मोर्चा वळवला. आमच्या साड्या, आमची गाडी, ताईच्या मुठीतली साखर, सगळं तिने एका नजरेत जोखलं.

“तुमचं नक्की झालं?” तिने ताईला विचारलं.

ताई जन्मात खोटं बोललेली नाही. या एका गोष्टीपायी तिचं कितीतरी जणांशी वाकडं आलं आहे.

“हो,” ताई म्हणाली. “आम्ही राहतोय.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्यांदा केलेले पोहे आले, पण ते कोणी मनापासून खाल्ले नाहीत. मुलाने तेवढी बशी संपवली आणि आईने बघितल्यावर चमचा खाली ठेवला. मध्यस्थ सारखे कपाळ पुसत होते. चहा झाला. “कळवतो,” असं म्हणून ती मंडळी उठली. या ‘कळवतो’नंतर आजवर कोणी काही कळवलेलं नाही, हे त्या ओटीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. धूळ उडवत गाड्या गेल्या. वडील अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आले आणि हात मागे बांधून ताईला म्हणाले, “तुमाला मुलगा हाय का वो, लग्नाचा?”

“आहे. पण त्याला आता दोन मुलं आहेत.”

“मंग नाय जमायचं,” ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

आई हसली नाही. ती आत चुलीपाशी बसली होती आणि मी पाणी मागायला गेले तेव्हा म्हणाली, “चांगलं स्थळ होतं वो.” त्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला लागलं. इतका वेळ मला सगळी मजा वाटत होती. पण आम्ही उद्या गाडी काढून खोपोलीच्या रस्त्याला लागणार होतो आणि मोडलेलं स्थळ या बाईच्या दारात राहणार होतं. मला मनापासून वाईट वाटलं.

मागच्या खोलीत मुलगी जरीच्या साडीचा पदर खोचून आमच्या गाद्यांवर चादरी घालत होती. मी दुसरं टोक धरलं.

“तुला पहिल्यापासून कळलं होतं,” मी म्हटलं. “तेव्हाच बोलली असतीस तर हे झालं नसतं. आमच्यामुळे मोडलं.”

“बोलनार होती,” ती म्हणाली. “तेवढ्यात तुमी चिडलात, बंद करनार तर आलो कशाला म्हनून. तसं आमच्या ओटीवर कुनी बोललं नव्हतं कंदी. मग मी म्हनलं, बाबांना आजून जरा आयकू दे.”

चादर ताणून तिने कोपरा गादीखाली दुमडला.

“बाबांनी मला कवाच इचारलं नाय, मावशी. खोल्या काढल्या तवा नाय, बंद करायच्या ठरवल्या तवा नाय. आज पन नाय इचारलं.” तिने उशीला अभ्रा चढवला आणि ती दोन्ही हातांनी थोपटली. “पन आज मला न इचारता माझं उत्तर दिलं त्यांनी. मी आत कांदा चिरत होती. आई म्हनली, कांद्यानं डोलं भरून आलं वाटतं. मी म्हनलं, हो.”